हवेने पाणी चढवायची गोष्ट

गेले दोन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. कारण विचाराल तर विहीर.

आमचं गाव माकुणसार. पालघर तालुक्यात, सफाळे स्टेशनला उतरून पश्चिमेकडे यायचं. डहाणू लोकलमध्ये विरारनंतर बसायला जागा मिळते, आणि वैतरणा खाडीचा पूल ओलांडला की ऑफिसचा मेल बघावासा वाटत नाही. घरामागे छोटी वाडी आहे: नारळ, थोड्या पानवेली, आजीची भाजी. आणि विहीर. पणजोबांच्या वेळेस तिच्यावर रहाट होता, त्याचे दगडी खांब अजून उभे आहेत. आता तिथे एक हॉर्सपॉवरचा पंप आहे.

तर झालं असं की यंदा बोअर मारायचा विषय निघाला. उन्हाळ्यात विहीर कमी पडते, वाडी वाळते, आणि बोअरवाल्या एजंटचं म्हणणं, तीनशे फूट जाऊ, सबमर्सिबल नको असेल तर कॉम्प्रेसर बसवा, खाली काही बिघडायलाच नको. बाबांना ते पटत होतं. मी म्हटलं, थांबा, जरा वाचतो. (घरात इंजिनिअर असण्याचा हा तोटा. कुठलंही काम आठवडाभर लांबतं.) वाचता वाचता इतका लांब गेलो की हा लेख झाला.

आधी एक प्राथमिक गोष्ट, शाळेत शिकलेली पण विसरलेली. पाणी वरून ओढता येतं, पण त्याला मर्यादा आहे. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, खरं तर तो पाइपमधली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. बाहेरच्या हवेची ताकद साधारण १०.३ मीटर पाण्याच्या खांबाइतकी. त्यापुढे काहीही करा, पाणी चढत नाही. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात या मर्यादेचा उल्लेख केलाय, आणि १६४४ मध्ये त्याच्या शिष्याने, टोरिचेल्लीने, त्यामागे हवेचा दाब आहे हे लिहून ठेवलं. प्रत्यक्षात पाइपचं घर्षण, गळक्या जॉइंट्स वगैरे धरून सात मीटरच्या आसपास आपला काठावरचा पंप हात टेकतो.

म्हणजे पाणी त्याहून खोल असेल तर दोनच मार्ग. एक, पंपच खाली उतरवा. दुसरा, वरून काहीतरी खाली पाठवा जे पाण्याला ढकलेल. आणि ढकलायला हवेइतकी सोयीची वस्तू नाही. नळीतून कुठेही जाते, गळली तरी चिखल होत नाही, शॉक लागत नाही.

ही कल्पना फार जुनी आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनचं कारंजं तुम्ही विज्ञान प्रदर्शनात पाहिलं असेल. पहिल्या शतकातला हा माणूस. एका भांड्यातलं पाणी खालच्या बंद भांड्यात पडतं, तिथली हवा दाबली जाते, ती हवा नळीने तिसऱ्या भांड्यात जाते आणि तिथलं पाणी वर उडवते. गंमत म्हणून बनवलेली वस्तू. तिचा खरा उपयोग व्हायला सतराशे वर्षं जावी लागली. आजच्या स्लोव्हाकियात बान्स्का श्ट्याव्निका नावाचं गाव आहे, जर्मन नाव शेम्निट्झ. चांदीच्या खाणी. खाणीत पाणी साचायचं. १७५३ च्या सुमारास योझेफ कारोल हेल या इंजिनिअरने हेरॉनचंच कारंजं खाणीच्या मापाचं करून टाकलं. डोंगरावरून येणारं पाणी वरच्या बंद टाकीत सोडायचं, त्याने दाबलेली हवा पाइपने खाणीत खाली जायची आणि तळातल्या टाकीतलं पाणी वर फेकायची. ना चाक, ना दट्ट्या, ना घोडे.

या यंत्राची एक गोष्ट मला फार आवडली. फेरी संपल्यावर उरलेली दाबलेली हवा कॉक उघडून सोडून द्यावी लागे. ती सुटताना इतकी थंड व्हायची की तिच्यातली वाफ गोठून बर्फाचे कण उडायचे. पाहुणे आले की खाणकामगार कॉकसमोर टोपी धरायला लावून त्यांना त्या गारा दाखवत. इरॅस्मस डार्विनने (चार्ल्स डार्विनचे आजोबा) १७८८ मध्ये दाबलेली हवा पसरताना थंड होते हे सांगताना याच यंत्राचा दाखला दिलाय. आपण थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात ज्या अ‍ॅडियाबॅटिक एक्स्पान्शनवर आठ मार्कांचं उत्तर लिहितो, ते त्या काळी टोपीत पडत होतं :)

पण त्या यंत्रात एक गोम होती. कॉक माणसं उघडायची आणि माणसंच बंद करायची. टाकी भरली की हा बंद, तो उघड. रिकामी झाली की तो बंद, हा उघड. दिवसभर.

आता माझ्या विहिरीकडे येतो.

मी ठरवलं की वाचण्यापेक्षा करून बघू. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, एक मीटर लांब, दोन्ही टोकांना कॅप. खाली एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीचं पाणी आत येईल पण बाहेर जाणार नाही. तळापासून निघणारी डिलिव्हरीची नळी, तिलाही नॉन-रिटर्न. वरून हवेची नळी, आणि त्या नळीच्या वरच्या टोकाला, म्हणजे काठावर माझ्या हातात, तीन तोंडी कॉक. एका तोंडाला गाडीचे टायर भरायचा छोटा कॉम्प्रेसर, दुसरं तोंड बाहेरच्या हवेला. पाइप दोरीने विहिरीत सोडला. बुडला नाही. अर्थातच, आत हवा होती. मग कॉक बाहेरच्या हवेला उघडल्यावर बुडबुड करत बुडला. आत आठ लिटर पाणी भरलं. कॉक फिरवला, कॉम्प्रेसर घरघरला, आणि साधारण चाळीस सेकंदांनी टाकीत आठ लिटर पाणी येऊन पडलं.

सांगतो, विहिरीत एकही हलता इलेक्ट्रिक भाग नसताना पाणी वर येतं तेव्हा बरं वाटतं. आजी शांतपणे बघत होती. ती म्हणाली, "एवढ्या वेळात मी दोन बादल्या शेंदल्या असत्या."

हिशोब केला तर आजी बरोबर होती. पाणी पाच मीटर खाली, टाकी तीन मीटर वर, एकूण आठ मीटर. आठ किलो पाणी आठ मीटर चढवायचं म्हणजे सुमारे ६३० ज्यूल. कॉम्प्रेसर १२ व्होल्टवर दहा अँपिअर खातो, म्हणजे १२० वॅट, चाळीस सेकंदांत ४८०० ज्यूल. एफिशियन्सी तेरा टक्के! बाकीचं कुठे गेलं? बरंचसं कॉम्प्रेसर तापण्यात. आणि उरलेल्यातलं शेम्निट्झच्या टोप्यांसारखं, प्रत्येक फेरीला पाइपभर दाबलेली हवा मी फुस्स करून सोडून देत होतो त्यात.

बाबांनी तीस वर्षं बोईसरला एमआयडीसीत नोकरी केली, युटिलिटी सेक्शनला. बॉयलर, चिलर आणि कॉम्प्रेसर. ते म्हणाले, "हवा काय फुकट येते काय रे? कंपनीत सगळ्यात महाग लाईन हवेचीच." साबणाचं पाणी घेऊन रात्रपाळीत जॉइंट्सच्या गळत्या शोधणं हे त्यांचं आवडतं काम होतं. घरीही कुठे फुस्स आवाज आला की त्यांचे कान टवकारतात. माझ्या यंत्राच्या पहिल्याच फेरीला त्यांनी दोन गळत्या दाखवल्या.

पण खरी अडचण वेगळीच होती. दहा फेऱ्यांनंतर माझं मनगट दुखायला लागलं. मी खाणकामगार झालो होतो. टाकी भरायची तर सव्वाशे वेळा कॉक फिरवायचा! वाफेच्या इंजिनांच्या इतिहासात एक दंतकथा आहे. न्यूकोमनच्या इंजिनाचे (१७१२) व्हॉल्व्ह उघडायला हम्फ्री पॉटर नावाचा पोऱ्या ठेवला होता, त्याला खेळायला जायचं होतं म्हणून त्याने दोऱ्या बांधून इंजिनालाच स्वतःचे व्हॉल्व्ह उघडायला लावले. खरीखोटी माहीत नाही, बहुधा खोटीच. पण कॉक फिरवत बसल्यावर ती पटते.

मी अर्थातच प्रोग्रामरसारखा विचार केला. एक मायक्रोकंट्रोलर, दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, टायमर. चाळीस सेकंद हवा, पंधरा सेकंद मोकळं. लिहायला वीस ओळींचा कोड. मग वाटलं, हे लोक दीडशे वर्षांपूर्वी विजेशिवाय कसं करत होते?

तर इथे येतो आयझॅक शोन. वेल्समधल्या रेक्सहॅमचा इंजिनिअर. त्याला पिण्याचं पाणी चढवायचं नव्हतं, सांडपाणी चढवायचं होतं. सपाट शहरात गटारं ही मोठी डोकेदुखी असते. गटार उताराने वाहायला हवं, आणि शहर सपाट असेल तर प्रत्येक गल्लीगणिक ते खोल खोल जात राहतं. शेवटी समुद्रसपाटीच्या खाली जातं, भरतीचं पाणी आत शिरतं. (माकुणसारच्या खाजणांशेजारी राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.) शोनने १८७८ मध्ये पेटंट घेतलं. शहराचे छोटे छोटे भाग पाडा, प्रत्येक भागाच्या मधोमध जमिनीत एक ओतीव लोखंडाचं भांडं पुरा, आणि शहरात एकाच जागी कॉम्प्रेसर ठेवून सगळ्या भांड्यांना पाइपने हवा पुरवा. भांडं भरलं की हवा आत शिरते, मैला वरच्या पाइपात ढकलते, भांडं रिकामं होतं, हवा बाहेर, परत भरायला सुरुवात. त्याला म्हणायचे शोन इजेक्टर.

ही भांडी कुठे कुठे बसली बघा. लंडनच्या पार्लमेंटच्या तळघरात १८८८ ला, आणि तिथल्या इमारतीच्या दुरुस्तीवर गेल्या काही वर्षांत जी चर्चा चालली तिच्यात ही भांडी अजून कामावर आहेत हे मोठ्या आश्चर्याने सांगितलं गेलं. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात. रंगूनमध्ये १८८८ ते १८९० या काळात जवळजवळ सगळ्या जुन्या शहरासाठी ही व्यवस्था उभी राहिली, आणि तिने शंभरहून जास्त वर्षं काम केलं. कराचीत. आणि आपल्या मुंबईतही. भर टाकून जोडलेल्या, भरतीच्या पातळीला टेकलेल्या बेटांवर उताराची गटारं बांधणं किती कठीण ते दर जुलैत आपण बघतोच.

आता यातला महत्त्वाचा प्रश्न. भांड्याला कसं कळतं की मी भरलोय?

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, फ्लशच्या टाकीत असतो तसा फ्लोट. मीही हेच म्हटलं. पण विचार करा. एकच फ्लोट, एकच पातळी. पाणी त्या पातळीला पोचलं, फ्लोटने हवेचा व्हॉल्व्ह उघडला. हवेने पाणी ढकललं, पाणी एक इंच उतरलं, फ्लोट खाली आला, व्हॉल्व्ह बंद. पाणी परत एक इंच चढलं, व्हॉल्व्ह उघडा. यंत्र नुसतं थरथरत बसणार, भांडं कधीच रिकामं होणार नाही. आमच्याकडे सर्व्हरचं ऑटोस्केलिंग पहिल्यांदा लावलं तेव्हा अगदी हेच झालं होतं. लोड सत्तर टक्क्यांवर गेला की एक मशीन वाढवायचं, सत्तरच्या खाली आला की कमी करायचं. रात्रभर मशीन चालू-बंद-चालू-बंद. सकाळी बिल बघून मॅनेजर गप्प झाला.

यावरचा उपाय म्हणजे दोन उंबरठे. वरचा ओलांडल्यावर चालू हो, आणि खालचा ओलांडेपर्यंत बंद होऊ नकोस. मधल्या पट्ट्यात असशील तेव्हा आधी जे करत होतास तेच करत राहा. याला हिस्टेरेसिस म्हणतात, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना श्मिट ट्रिगर आठवेल. नीट बघितलं तर मधल्या पट्ट्यात यंत्राला काहीतरी लक्षात ठेवावं लागतं: मी भरत होतो की रिकामा होत होतो? एक बिटची मेमरी.

शोनने ही एक बिट लोखंडात बनवली. भांड्यात उभा दांडा. दांड्याला वरच्या बाजूला एक उपडी घंटा, खालच्या बाजूला एक उताणी वाटी, आणि सगळ्याचा तोल सावरायला बाहेर वजन. पाणी चढत चढत घंटेपर्यंत आलं की घंटेत अडकलेली हवा तिला वर उचलते, दांडा वर जातो, हवेचा व्हॉल्व्ह उघडतो. पाणी उतरायला लागतं. घंटा पाण्याबाहेर येते, पण दांडा खाली पडत नाही, कारण तो तोललेला आहे. वाटी अजून पाण्यात आहे, आणि पाण्यात बुडालेल्या पाणीभरल्या वाटीतल्या पाण्याचं वजन जाणवत नाही. मग पाणी वाटीच्याही खाली जातं. आता वाटी हवेत लटकते, तिच्यातलं पाणी जड होतं, आणि ते दांड्याला खाली ओढतं. हवा बंद, एक्झॉस्ट उघडा. भांडं परत भरतं.

वाटीतलं पाणी, म्हणजे जे उपसायचं तेच पाणी, व्हॉल्व्ह बंद करतं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये होतो, शेजारच्या काकांना दाखवावंसं वाटलं होतं. ते झोपले होते.

आणि यातून आणखी एक गोष्ट निघते, जी माझ्या वीस ओळींच्या टायमरमध्ये नव्हती. टायमरला पाणी आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. तो दर चाळीस सेकंदांनी हवा सोडणार, पाइप भरला असो की नसो. शोनचं भांडं मात्र भरेपर्यंत थांबतं. रात्री तीन वाजता गटारात काही येत नसेल तर ते तासभर गप्प बसेल. हवा खर्च नाही, झीज नाही. सकाळी सहाला शहर उठलं की तेही उठणार.

हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग हा तर आमचा डायफ्रॅमच." म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत केमिकलचे कारखाने भरपूर. सॉल्व्हंट, अ‍ॅसिड, गाळ असलेले द्रव इकडून तिकडे न्यायला तिथे हवेवर चालणारे डबल डायफ्रॅम पंप सर्रास वापरतात. अमेरिकेत जिम विल्डनने १९५५ मध्ये हा प्रकार बनवला. दोन खोल्या, प्रत्येकीत रबराचा पडदा, दोन्ही पडदे एका दांड्याने जोडलेले. हवा एका पडद्यामागे शिरली की त्या खोलीतला द्रव बाहेर, आणि दांड्याने ओढल्यामुळे दुसऱ्या खोलीत द्रव आत. दांडा टोकाला पोचला की मधला स्पूल सरकतो आणि हवा दुसऱ्या बाजूला. चार गोळ्या नॉन-रिटर्नचं काम करतात. विजेची मोटर नाही म्हणजे तिची ठिणगीही नाही, म्हणून सॉल्व्हंटच्या शेजारी चालतो. (अर्थिंग मात्र लागतंच, बाबांनी हे तीनदा सांगितलं.) पुढचा कॉक कोणी चुकून बंद केला तर पंप जळत नाही, नुसता थांबतो. कॉक उघडला की परत ठक-ठक सुरू. स्पूल म्हणजे परत तीच एक बिट. मी कॉलेजात चार वर्षं काढली, आणि हा पंप माझ्या वडिलांच्या कामाच्या जागी रोज ठकठकत होता हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. असो.

आता एजंटच्या कॉम्प्रेसरकडे. तो मात्र यातला नाही. त्यात व्हॉल्व्हची भानगडच नाही.

बोअर मारताना तुम्ही पाहिलं असेल. गाडीवरचा मोठा कॉम्प्रेसर, खाली हवेवर ठोकणारा हॅमर, आणि धुळीचा लोट. मग एकदम धूळ ओली होते, चिखल उडतो, आणि पाणी लागलं की पांढरा फवारा. लोक टाळ्या वाजवतात, नारळ फुटतो, आणि मग "दोन इंच लागलं, अडीच इंच लागलं" सुरू होतं. तो फवारा म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, हवेने चढवलेलं पाणी. महाराष्ट्राच्या कातळात ही पद्धत सत्तरच्या दशकात पसरली, १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे. त्या बोअरांवर लावलेले साधे ओतीव हातपंप सतत मोडायचे, म्हणून जालन्याला मिशनच्या लोकांनी आणि मग सोलापूरला ऑस्कर कार्लसन या स्वीडिश इंजिनिअरने मजबूत पंप बनवले, आणि त्यांतून पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू हा पंप आला. गावोगावच्या शाळेबाहेर दिसणारा तो. ती वेगळी आणि मोठी गोष्ट आहे, कधीतरी लिहीन.

तर बोअरवर कायमचा कॉम्प्रेसर बसवतात तेव्हा तोच फवारा काबूत ठेवून वापरतात. बोअरमध्ये पाण्याचा पाइप सोडायचा, त्याच्या तळाशी बारीक नळीने हवा सोडायची. पाइपातल्या पाण्यात बुडबुडे मिसळले की ते मिश्रण हलकं होतं, आणि बाहेरचं जड पाणी त्याला वर ढकलतं. सोडा बाटलीचं झाकण उघडल्यासारखं. ही कल्पना जर्मन खाण इंजिनिअर कार्ल लोशरची, १७९७ ची. एजंट म्हणतो ते खरंच आहे, खाली हलणारा एकही भाग नाही, गाळ आला तरी चालतो. ज्या बोअरला पाणी कमी आणि रेती जास्त, तिथे शेतकरी हेच वापरतात, आणि त्यांचं चुकत नाही.

पण याला एक अट आहे, आणि ती एजंटने सांगितली नाही. पाइप पाण्यात खोल बुडलेला हवा. बुडालेला भाग एकूण लांबीच्या साधारण साठ टक्के असेल तर काम बरं चालतं. म्हणजे पाणी तीस मीटर चढवायचं तर त्याच्याखाली आणखी पंचेचाळीस मीटर पाइप पाण्यात पाहिजे. उथळ पाण्यात हे तंत्र चालत नाही, त्याला खोलीच लागते. म्हणून तीनशे फूट.

आणि आमच्याकडे खोलीत काय आहे?

समुद्रकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं किंचित हलकं. किती तरंगतं याचा हिशोब डच कॅप्टन बाडोन गायबेनने १८८८-८९ मध्ये आणि जर्मनीच्या हेर्झबर्गने १९०१ मध्ये वेगवेगळा मांडला: विहिरीतलं गोडं पाणी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल तर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं, त्याखाली खारं. एकास चाळीस. हा नियम सरसकट वाळूच्या जमिनीचा आहे, आमच्याकडे वरच्या मातीखाली काळा कातळ आणि त्याच्या भेगा, म्हणजे मीटरमध्ये मोजायला जाऊ नका. पण दिशा तीच. उपशाने गोड्या पाण्याची पातळी अर्धा मीटर उतरली तर खालचं खारं वीस मीटर वर यायला बघतं. वरून दिसतो अर्धा मीटर.

वाडीपासून चार घरं सोडून एक बोअर आहे. पहिले दोन उन्हाळे त्याचं पाणी गोड होतं, लोक बघायला यायचे. तिसऱ्या वर्षी चहा फाटायला लागला. चौथ्या वर्षी पानवेलींची पानं कडेने जळाली. नारळ टिकला, नारळाला थोडं खारं चालतं. पानवेलीला नाही. बोअर आता नुसता भांडी घासायला आहे. वसईत टँकरने जो उपसा झाला त्याच्याविरुद्ध लोकांना रस्त्यावर यावं लागलं होतं, ते ऐकत आम्ही मोठे झालो. ते पाणी दुसऱ्यांनी नेलं, इथे आपलं आपणच.

१८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये वसई-माहीमच्या बागायतीचं आणि तिथल्या रहाटांचं वर्णन आहे. रहाटाला गाडग्यांची माळ असते, आणि माळेची लांबी ठरलेली असते. पाणी माळेच्या खाली गेलं की गाडगी रिकामी वर येतात. बैल थकतो, तो वेगळा. मला जुनं ते सोनं वगैरे म्हणायचं नाही. पहाटे चारला उठून बैलामागे फिरायला मी जाणार नाही, आणि पणजोबांनाही ते आवडत होतं असं नाही. पण रहाट उथळ पाणी घेत होता आणि विहीर भरायची वाट बघत होता, हे खरं. शोनचं भांडंही वाट बघतं. टायमर आणि तीनशे फुटांचा कॉम्प्रेसर बघत नाहीत.

आता कोणी म्हणेल, वाटच बघायची तर विहिरीतल्या पंपाला काही शे रुपयांचा फ्लोट स्विच लाव, पाणी ठरलेल्या पातळीखाली गेलं की पंप बंद. बरोबर आहे! तेरा टक्क्यांचं यंत्र बनवण्यापेक्षा ते शंभर पट शहाणपणाचं. तो स्विच गेल्या रविवारी लावला. दोन उंबरठ्यांचा, थरथरणार नाही असा. पंप आता सकाळी वीस मिनिटं चालतो, बंद पडतो, दुपारी विहीर भरली की परत चालतो. वाडीला पाणी पुरतं असं नाही. पानवेलींच्या चार ओळींपैकी एक यंदा सोडून द्यावी लागणार. आजीला ते अजिबात आवडलेलं नाही, आणि ती माझ्याशी त्या विषयावर बोलत नाही.

एजंटचा शनिवारी फोन आला होता. बाबा म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. "नको" म्हणाले नाहीत.

रविवारी संध्याकाळी मी बॅग भरत होतो तेव्हा ते बोईसरच्या भंगारवाल्याकडून परत आले. पिशवीत एका जुन्या डायफ्रॅम पंपाचा एअर व्हॉल्व्ह, स्पूलसकट. ओटीवर पेपर पसरून त्यांनी तो खोलला. स्पूल चांगला आहे, ओ-रिंग गेल्यात. माझ्या पाइपवर घंटा आणि वाटी लटकवायची तर हा स्पूल हलक्या ओढीने सरकला पाहिजे. तो सरकेल की नाही यावर आमचं लोकलच्या वेळेपर्यंत एकमत झालं नाही. वाटी म्हणून आजीचा स्टीलचा डबा मागावा लागणार आहे, आणि सध्याच्या परिस्थितीत तो कोणी मागायचा हेही ठरलेलं नाही.